चिखल चुकवताना

ऑस्ट्रेलियात टूवूंबा शहरातल्या वॉटल गली रिझर्वची, म्हणजे राखीव रानाची, जी काही धूप झाली तिला कोविड जबाबदार आहे, असं काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, अहवालात म्हटलंय. ‘महामारीच्या काळात चालायला येणाऱ्यांची संख्या अचानक वाढल्यामुळे’ असं ते वाक्य आहे. काउन्सिलचे लोक सभ्य आहेत. खरं सांगायचं तर त्या धुपेची सुरुवात माझ्या पांढऱ्या बुटांपासून झाली.

बूट कोरे होते. एप्रिल २०२० चालू होता आणि मला रोज चालायला जाण्याखेरीज दुसरं काम नव्हतं. मी इथल्या युनिव्हर्सिटीत कुठला वर्ग कुठल्या खोलीत भरेल ते ठरवतो. ऐकायला सोपं वाटतं, पण तीनशे विद्यार्थ्यांना चाळीस खुर्च्यांच्या खोलीत पाठवलं की कळतं हे काम किती जोखमीचं आहे ते. मार्चअखेर सगळे वर्ग ऑनलाइन गेले आणि कुणालाच कुठलीच खोली लागेनाशी झाली. माझी बायको चित्रलेखा हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट, तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मी मात्र दिवसभर लॅपटॉप उघडून रिकाम्या खोल्यांची यादी बघत बसायचो आणि चार वाजले की बूट घालायचो.

आमच्या घरामागची गल्ली संपते तिथून डोंगराची कड सुरू होते, आणि त्या कडेवरून गमच्या, म्हणजे निलगिरीच्या, झाडांमधून एक पायवाट खाली उतरते. पूर्वी तिच्यावर मी आणि एक निवृत्त पोस्टमन, एवढेच चालायचो. ‘घराबाहेर फक्त व्यायामासाठी पडा’ असा हुकूम निघाला आणि शंभर मीटरवरच्या दुकानात दूध आणायला गाडी काढणारी सगळी जनता त्या वाटेवर लोटली.

आता त्या वाटेवर एका वळणाला बारमाही पाझर आहे. तिथे कायम चिखल. टूवूंबाची माती अशी लाल, की एकदा कापडाला लागली की कापड टाकून द्यायचं. मी क्षणभर थांबलो, बुटांकडे पाहिलं आणि उजवीकडच्या गवतातून पाच-सहा पावलं टाकून चिखल चुकवला. बस, एवढाच माझा गुन्हा. दुसऱ्या दिवशी तसाच गेलो. तिसऱ्या दिवशी माझ्या मागून बाबागाडी ढकलत एक बाई आल्या. आपल्यामागून कुणीतरी येतंय, ही भावना ज्याला ऑफिसात कधीच लाभली नाही त्यालाच तिची किंमत कळेल. त्या भरात मी त्या वळणाचा फोटो काढला, त्यावर हिरवा बाण काढला आणि ‘नो मड रूट!’ असं लिहून टूवूंबा वॉकर्सच्या फेसबुक ग्रुपवर टाकला. एकशे त्रेचाळीस लाइक्स आले. या देशात मला अकरा वर्षं झाली होती. माझ्या निरोप समारंभालासुद्धा एवढी माणसं येणार नाहीत.

पुढचं सगळं निसर्गनियमाने झालं. गवत गेलं, माझी वाट चिखलाची झाली, मग लोक तिच्याही उजवीकडून जायला लागले. त्यात दीड मीटर अंतराचा नियम. समोरून कुणी आलं की दोघंही सभ्यपणे दोन बाजूंना उतरायचे, ‘सॉरी मेट’, ‘नो वरीज’ म्हणायचे आणि आणखी थोडं गवत मारायचे. जूनमध्ये एक जोरदार सर आली. सकाळी जाऊन बघतो तर जिथे मी बूट वाचवले होते तिथे गुडघाभर खोल घळ पडलेली.

घळीशेजारच्या झाडाला प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद बांधला होता. ‘ज्याने ही वाट पाडली त्याने कृपया मला भेटावे. – बेव्ह.’ ‘कृपया’खाली दोन रेघा होत्या.

बेव्ह म्हणजे रिझर्वच्या स्वयंसेवकांची प्रमुख. वय चौऱ्याहत्तर, डोक्यावर विरलेली हॅट, आणि हातात नेहमी काहीतरी धारदार. मी घरी येऊन पहिल्यांदा पोस्ट डिलीट केली.

“सांगून टाक ना तिला,” चित्रलेखा म्हणाली.

“सांगणारच आहे. योग्य वेळी.”

“म्हणजे कधी?”

योग्य वेळ येईपर्यंत मी स्वयंसेवक व्हायचं ठरवलं. पोलिसांच्या गाडीशेजारी उभ्या असलेल्या माणसावर कुणी संशय घेत नाही, हा माझा हिशोब. पण इथे फुकट तण उपटायलासुद्धा अकरा पानी फॉर्म भरावा लागतो. साप दिसल्यास काय कराल, ऊन लागल्यास काय कराल, दोन्ही एकदम झाल्यास काय कराल. नवव्या पानावर प्रश्न होता: माती किंवा जलनिचऱ्याचा काही अनुभव? तिथे ‘नाही’ लिहून मोकळं व्हायचं, तर माझ्या हातून लिहिलं गेलं, ‘मृदसंधारणाची कौटुंबिक पार्श्वभूमी’.

हे खोटं नव्हतं. माझ्या सासूबाई, शोभाताई, फेब्रुवारीत सहा आठवड्यांसाठी साताऱ्याहून आल्या होत्या आणि विमानं बंद झाल्यामुळे आमच्याकडेच अडकल्या होत्या. त्यांनी मृदसंधारण खात्यात बत्तीस वर्षं नोकरी केली होती. आता ती अनुरेखक म्हणून, म्हणजे साहेबांनी काढलेल्या नकाशांवर पारदर्शक कागद ठेवून ते शाईने गिरवायचे, हे फॉर्मवर लिहायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी बेव्हची मेल आली. ‘विनय, आम्ही गेली चार वर्षं मातीतला जाणकार शोधतोय. घळ आजपासून तुझी.’

इथून माझा भाव वाढला. टूवूंबातल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी घळीचे फोटो टाकले आणि सूचना मागवल्या. आपल्या लोकांकडे सूचना मागवू नयेत, हे मला माहीत असायला हवं होतं. कुणीतरी ते फोटो सिडनीला यतिनला पाठवले. यतिन कॅसल हिलला राहतो आणि मेट्रोची स्टेशनं डिझाइन करणाऱ्या कंपनीत आहे. त्याने व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून जाळीतल्या दगडांची भिंत, खाली कापड, त्याखाली पाइप असं सगळं काढून दाखवलं. “स्लोप स्टॅबिलिटी आधी चेक कर हां. नाहीतर अख्खी टेकडी खाली येईल,” म्हणाला. त्याने काढलेल्या भिंतीपुढे आमची टेकडीच लहान दिसत होती.

नरेंद्रचा सल्ला मला पटला. नरेंद्र मूळचा इस्लामपूरचा, इथे ट्रॅक्टर विकतो. तो म्हणाला, “अरे, उसाच्या फडात आपण काय करतो? पाचट अंथरतो. इथे दुकानात गठ्ठे मिळतात पाचटाचे. टाक आणि मोकळा हो.”

क्वीन्सलँडमध्ये बागेत घालायला उसाचं पाचट खरोखर मिळतं. मी सहा गठ्ठे आणले. बेव्हला विचारायला हवं होतं, पण मातीतला जाणकार मी होतो. ऑगस्टमधल्या एका शनिवारी मी एकट्याने ती घळ आणि तिच्या आजूबाजूला पडलेल्या सगळ्या वाटा पाचटाने झाकून टाकल्या. काय सुंदर दिसत होतं! पायाखाली गादीच. चालणारे लोक मला ‘गुड ऑन यू’ म्हणून जात होते. मी कमरेवर हात ठेवून उभा होतो, आणि झुडपाआडून आणखी एक जण माझं काम बघत होता.

ब्रश टर्की हा पक्षी ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: काळा कोट, टकलं लाल डोकं, गळ्यात पिवळी पिशवी आणि चालण्यात निवृत्त मामलेदाराचा डौल. याच्यातला नर अंडी उबवायला पालापाचोळ्याचा ढीग रचतो. ढीग म्हणजे खरोखरचा ढीग, माणसाच्या छातीपर्यंत. त्यासाठी बिचाऱ्याला रानभर फिरून पानं उकरावी लागतात. त्या वर्षी एका परोपकारी इसमाने त्याला सहा गठ्ठे उत्तम प्रतीचं पाचट एका जागी आणून दिलं होतं.

पुढच्या दहा दिवसांत त्याने ते सगळं पायांनी मागे फेकत फेकत एकत्र केलं आणि बरोबर पायवाटेच्या मधोमध ढीग उभा केला. घळ पुन्हा उघडी पडली, वाट बंद झाली आणि लोक ढिगाला दोन्हीकडून वळसे घालून जायला लागले. मी एकदा फावडं घेऊन गेलो. तो ढिगावर चढला, माझ्याकडे तिरपं बघितलं आणि पायाने लाल मातीचा एक झोत थेट माझ्या शर्टावर उडवला. मी परत आलो. माघार घेण्यातही एक शहाणपण असतं.

मग काउन्सिलचा अधिकारी आला. त्याचं नाव क्रेग. गडी शांत, वाईट बातमी हवामान सांगावं तशी सांगायचा.

“हा देशी पक्षी आहे. संरक्षित. आत अंडी असणार. ढीग हलवता येणार नाही.”

“किती दिवस?” बेव्हने विचारलं.

“जानेवारीपर्यंत, कदाचित. दोन महिने तर नक्कीच. आणि बेव्ह, या वाटेची ही अवस्था बघता मला रिझर्व बंद करायची शिफारस करावी लागेल. दोन वर्षं तरी.”

बेव्हने हॅट काढली आणि पुन्हा घातली. सव्वीस वर्षांपूर्वी इथे नुसती घाणेरीची झुडपं माजली होती, ती तिने आणि तिच्या नवऱ्याने हाताने काढली होती. नवरा गेल्यावरही ती दर शनिवारी येत होती. हे मला फॉर्म भरताना कुणी सांगितलं नव्हतं.

“हे उसाचं गवत कुणी आणलं याची काही कल्पना?” क्रेगने वहीत बघत विचारलं.

“मी,” मी म्हणालो. आणि एकदा तोंड उघडल्यावर ते मिटेना. “वाटही मीच पाडली. बूट नवे होते. फेसबुकवरही मीच टाकलं. आणि मला मातीतलं काहीही कळत नाही, माझ्या सासूबाई नकाशे गिरवायच्या.”

बेव्हने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग हातातली कुदळ जमिनीवर ठेवली आणि दीड मीटर मागे सरकली, म्हणजे मला ती उचलता यावी.

“सासूबाई कुठे आहेत?” ती म्हणाली.

क्रेगने आम्हाला एक संधी दिली. ढिगाला लांबून वळसा घालणारी नवी वाट आखा, बाहेरून माती, झाड, काडी काहीही आणायचं नाही, जे करायचं ते तिथल्याच दगडांनी आणि पडलेल्या लाकडांनी. उन्हाळ्यातला पहिला मोठा पाऊस झाला की तो तपासणीला येणार. वाट वाहून गेली तर रिझर्वला टाळं.

घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या.

“विनयराव, मी फिल्डवर कधी गेले नाही हो. साहेब लोक जायचे. आम्ही टेबलावर.”

“पण तुम्हाला कंटूर, त्या समपातळीच्या रेषा, कळतात ना?”

“कळतात म्हणजे,” त्या म्हणाल्या, “माण-खटावचा एकेक बांध माझ्या हाताखालून गेलाय. झोपेत काढीन.” मग काडी बाजूला टाकत म्हणाल्या, “ती वाट सरळ उताराला लावलीये का?”

“हो.”

“मग तुमच्या बुटांना कशाला बोल लावता? सरळ उताराची वाट म्हणजे पाण्याला आयता ओहोळ. आज ना उद्या ती फाटणारच होती. तुम्ही फक्त लवकर फाडलीत.”

एवढा दिलासा मला कुणीच दिला नव्हता. पुढच्या आठवड्यात त्यांनी गुडघ्यांना पट्टे बांधले, साडीवर चित्रलेखाचं जॅकेट चढवलं आणि रिझर्वमध्ये आल्या. मी हार्डवेअरच्या दुकानातून वीस मीटर पारदर्शक नळी आणली होती. आपले गवंडी लेव्हल बघतात तीच पद्धत: नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोघांनी धरायची, पाणी दोन्हीकडे सारखं उभं राहिलं की दोन्ही जागा एका पातळीत. झाडांच्या सावलीत साधं पाणी दिसेना, म्हणून त्यांनी त्यात हळद घातली.

एका टोकाला सासूबाई, दुसऱ्या टोकाला मी, तोंडाला मास्क, मधे पिवळ्या द्रवाने भरलेली लांबलचक नळी. येणारे-जाणारे थबकत होते. मला वाटलं, जिज्ञासा. संध्याकाळी क्रेगचा फोन आला.

“विनय, आम्हाला सात तक्रारी आल्यात. तुम्ही रिझर्वमध्ये लोकांची लघवी तपासताय का?”

“हळद आहे ती!”

“असं लिहून देता का? ईमेलवर?”

मी ईमेलवर लिहून दिलं. युनिव्हर्सिटीच्या सहीखाली माझं पद आपोआप आलं, त्यामुळे काउन्सिलच्या दप्तरात ‘वरिष्ठ वेळापत्रक अधिकारी यांचा हळदीबाबत खुलासा’ असं पत्र कायमचं पडून आहे. काही जखमा भरत नाहीत.

सासूबाई आणि बेव्ह यांचं मात्र पहिल्या दिवसापासून जमलं. सासूबाईंचं इंग्रजी सरकारी होतं: ‘काइंडली सी’, ‘प्लीज डू द नीडफुल’. बेव्हचं क्वीन्सलँडच्या खेड्यातलं, ते मलाही अर्धं कळायचं. पण दोघी एकमेकींना बोटाने दाखवायच्या आणि मान डोलवायच्या, की मग मी खणायचं. वाट डोंगराच्या अंगाने जवळजवळ सपाट जात होती, बाहेरच्या बाजूला अगदी किंचित कललेली. दर वीस पावलांवर एक उथळ खोलगा. “पाण्याला दर वीस पावलांवर बाहेर पडायला दार पाहिजे,” सासूबाई सांगायच्या, “कोंडलं की ते भिंत फोडतं.” पाझराच्या जागी चपटे दगड, पावलागणिक एक. आणि समोरून कुणी आलं तर उभं राहायला जागोजागी रुंद कोपरे, म्हणजे दीड मीटरसाठी कुणाला गवतात उतरायला नको.

पाच आठवडे लागले. माझ्या तळहातांवर फोड आले, ते फुटले, त्यांचे घट्टे झाले. सकाळच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मी मुद्दाम हात कॅमेऱ्यासमोर हलवून बोलायचो. कुणी विचारलं नाही. जुन्या वाटांवर आम्ही पडलेल्या फांद्या आडव्या टाकल्या. तरी एक जॉगर रोज त्यांच्यावरून उड्या मारत जायचा. शेवटी बेव्ह तिथे खुर्ची टाकून चहा पीत बसली. दोन दिवसांत तो नव्या वाटेने जायला लागला.

आराखडा काउन्सिलला द्यायचा होता. सासूबाईंनी डायनिंग टेबलावर बेकिंग पेपर पसरून तो काढला. रेघ अशी, की क्रेगने विचारलं हे कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये केलं. खाली उजव्या कोपऱ्यात चौकटी होत्या. सासूबाईंनी ‘रेखाटन’च्या चौकटीत सवयीने सही केली आणि पेन खाली ठेवलं.

“आई, वरची पण चौकट आहे. डिझाइनची,” चित्रलेखाने दाखवलं.

“तिथे साहेबांची सही असते.”

“इथे साहेब कोण आहे?” चित्रलेखा म्हणाली.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पटकन छताकडे पाहिलं. मग त्यांनी चष्मा पुसला, पेन उचललं आणि वरच्या चौकटीत पूर्ण नाव लिहिलं, वडिलांचं, सासरचं, सगळं. चौकटीत मावलं नाही, बाहेर आलं.

ऑक्टोबरच्या शेवटी त्यांना परतीच्या खास विमानात जागा मिळाली. पाऊस काही तोवर पडला नाही. निघताना त्या बेव्हला भेटल्या, दोघींनी लांबूनच एकमेकींना नमस्कार केला. “रेन कमिंग, प्लीज इन्फॉर्म,” सासूबाई म्हणाल्या.

पाऊस आला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी चारला. आधी सगळं आभाळ हिरवट झालं, मग गारा, आणि मग असा पाऊस की समोरचं घर दिसेना. मी रेनकोट चढवला आणि निघालो. बेव्ह माझ्या आधी पोचली होती. टर्की ढिगावर भिजत उभा होता, सगळ्यांवर वैतागलेला. जुनी घळ रोरावत वाहत होती, लाल चहासारखी. पाझराजवळ मी फोन काढला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि साताऱ्याला व्हिडिओ लावला. तिकडे सकाळचे साडेअकरा वाजले होते. सासूबाई विलगीकरणाच्या खोलीत फोन घेऊन तयारच बसल्या होत्या.

“दाखवा,” त्या म्हणाल्या.

मी कॅमेरा वाटेवर धरला. वरच्या उतारावरून आलेलं पाणी वाटेवर पसरत होतं, चार पावलं जात होतं आणि खोलग्याशी पोचलं की वळून निमूट खाली गवतात उतरत होतं. पुढच्या खोलग्याशी पुन्हा तसंच. घाई नाही, आवाज नाही. मी एकामागून एक सगळे खोलगे दाखवत गेलो.

“आई? दिसतंय का?”

“दिसतंय,” त्या म्हणाल्या. “ते शेवटचं पुन्हा दाखवा. तिथे का तुंबलंय?”

मी घाबरलो. शेवटच्या खोलग्याशी पाण्याचं तळं साचायला लागलं होतं आणि वाढत होतं. बेव्हही वाकून बघायला लागली. एवढं सगळं करून इथे चुकलो की काय? मी फोन आणखी खाली नेला.

“विनयराव,” सासूबाई म्हणाल्या, “बाजूला व्हा. दारात तुम्हीच उभे आहात.”

बेव्हने पावसातून ओरडून विचारलं, “व्हॉट’स शी सेइंग?”

“मीच आडवा आलोय म्हणतायत!”

“शी’स राइट, लव्ह,” बेव्ह म्हणाली. मी पाय उचलला आणि ते सगळं पाणी एकदम वळून खाली निघून गेलं.